वारीत कॅमेरा सांभाळताना

29 जून 2024 ला माउलींची पालखी आळंदीहून निघाली, तेव्हा माझ्या पाठीवर दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश आणि ट्रायपॉड होता. पहिलीच वारी, काही राहून जायला नको म्हणून सगळंच घेतलं होतं. दिवे घाट चढून सासवडला पोचले तेव्हा बॅगेच्या बाजूच्या कप्प्याची चेन अर्धी उघडी होती आणि चार्जर गायब होता. कधी गेला, कळलंसुद्धा नाही. गर्दीत पाठीवरची बॅग आपली राहतच नाही, ती मागून चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते.

पोलिसांच्या मदत केंद्रात गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे विचारलं, "ताई, कॅमेराच गेला असता तर नंबर काय लिहून दिला असता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांच्या तळाचे आणि लेन्सवरचे क्रमांक मोबाइलवर टिपले आणि बिलांसकट भावाला पाठवले. मोबाइल गेला तरी ते आकडे माझ्या हाताशी राहायला हवेत. फ्लॅश, ट्रायपॉड आणि एक लेन्स भाऊ येऊन घेऊन गेला. एका कॅमेऱ्याला यूएसबी-सीची सोय होती, म्हणून पुढचे दिवस पॉवर बँकेवर निभावले.

वर्गणी भरून मी रथामागच्या एका दिंडीत होते. परभणीकडच्या एक मावशी शेजारी झोपायच्या. माझी चकचकीत काळी बॅग बघून म्हणाल्या, "बाई, ही बॅगच सांगती की आत काय हाय ते." मग जुन्या कापडी पिशवीत टॉवेलची घडी घालून त्यात लेन्स ठेवली. कॅमेरा पोटाशी, पट्टा तिरका, वरून दोन मापं मोठा रेनकोट. पंढरपूरपर्यंत माझं हेच चाललं. बाथरूमला जाताना पिशवी मावशींच्या मांडीवर. त्या ती कुणालाच हात लावू देत नसत, एकदा दिंडीच्या वीणेकऱ्यांनाही नाही!

पाऊस वाल्ह्याच्या वाटेवर असा कोसळला की रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत शिरलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेघा उमटल्या. बटण दाबून बघायचा मोह अनावर होतो, पण ओल्या कॅमेऱ्याला वीज देणं सर्वांत घातक. बॅटरी काढली, कार्ड काढलं, झाकणं उघडी ठेवून कॅमेरा सुती पंच्यात गुंडाळला आणि सिलिका जेलच्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिला. दोन दिवस तिकडे बघितलंच नाही. तांदळात ठेवण्याचा सल्ला पाच जणांनी दिला. तांदळाची पूड आत जाते, म्हणून मी तो ऐकला नाही. सिलिका जेलचे दाणे केशरी घेतले होते, ओल पिऊन ते हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतो, जेवणाच्या सामानाजवळ ते नकोत. तिसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला तेव्हा माझे हात थरथरत होते. दोन वर्षांपूर्वी दमट कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती, ती भीती मनात होतीच.

पण खरा धोका कॅमेऱ्याला नव्हता, मला होता. वाटेवर चांदोबाचा लिंब या ठिकाणी उभं रिंगण होतं, म्हणजे पालखीसोबतचे घोडे धावण्याचा सोहळा. रस्त्याच्या दोन्ही कडेला दिंड्या, मधून अश्व धावणार. मी गुडघ्यावर बसून डोळा व्ह्यूफाइंडरला लावला. लांब लेन्समधून दूरचा घोडाही जवळच दिसतो. तो खरंच किती जवळ आलाय ते चौकटीत कळत नाही. मावशींनी रेनकोटची टोपी धरून मला मागे खेचलं, तेवढ्यात टापा माझ्या पुढ्यातून गेल्या. त्याहून भयंकर म्हणजे त्यानंतरचा क्षण: टापांखालची माती कपाळाला लावायला शेकडो माणसं एकाच वेळी खाली वाकतात. तिथे बसलेलं माणूस कुणाला दिसत नाही.

पुरंदवड्याच्या गोल रिंगणाला मी तुळस घेतलेल्या बायकांच्या मागे उभी राहिले. दोन्ही डोळे उघडे, लांब लेन्स पिशवीत, एका हाताने मावशींचा पदर धरलेला. त्या दिवशी फोटो मोजकेच मिळाले, पण त्यातला एक आजही माझ्या भिंतीवर आहे.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाळली. नीरेच्या काठावर किंवा टँकरपाशी बायका आंघोळ करताना कॅमेरा पिशवीबाहेर काढायचाच नाही. हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच रात्री मी झोपले की माझ्या डोक्याकडच्या पिशवीवर आणखी दोघींचा डोळा असायचा.

कार्ड रोज रात्री छोट्या ड्राइव्हवर उतरवून ड्राइव्ह दिंडीच्या ट्रकमधल्या ट्रंकेत आणि कार्ड कुडत्याच्या आतल्या खिशात. 17 जुलैला एकादशीच्या पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात तो खिसा मी किती वेळा चाचपला असेन! पुढच्या वारीला एकच कॅमेरा आणि 35 मिमीची एकच लेन्स नेणार आहे. मावशींना फोन करून तसं सांगितलंय, आणि त्यांनी पिशवीला आतून दुहेरी अस्तर शिवून ठेवलंय.