फ्रेश पाँडचा बर्फ

रात्री फ्रीझरमधून बर्फ पडल्याचा खडखडाट झाला की आई दचकून उठायची. आठवडाभरात तिला सवय झाली, आणि मग एका रात्री आवाज आलाच नाही. सकाळी चहा गाळताना तीच म्हणाली, "अगं, तुझं बर्फाचं यंत्र मुकं झालं वाटतं."

आम्ही केंब्रिजमध्ये राहतो, चार्ल्स नदीच्या अलीकडे, पलीकडे बॉस्टन. इथल्या बऱ्याच फ्रीजना मागून पाण्याची बारीक नळी जोडलेली असते. व्हॉल्व्ह सातेक सेकंद उघडतो आणि साच्यात पाणी भरतं. ते गोठून साचा पुरेसा गार झाला की खालचा हीटर त्याला किंचित ऊब देतो, बर्फ कडेने सुटतो आणि फिरणारी बोटं चंद्रकोरीसारखे तुकडे डब्यात ढकलतात. डबा भरला की तारेची दांडी वरच अडकते आणि काम थांबतं. दीड-दोन तासांनी एक घाणा!

आमची दांडी खालीच होती. नळीत बर्फ धरला नव्हता, फ्रीझर उणे १८ वर होता. बाबांनी कान लावला. मोटर गुणगुणत होती, बोटं जागची हलत नव्हती. "आतलं गिअर गेलंय," ते म्हणाले. सगळी नोकरी त्यांनी बेस्टच्या वर्कशॉपमध्ये केली, तेव्हा मी वाद घातला नाही. दुरुस्तीवाला नुसतं येऊन बघण्याचेच शंभराच्या वर डॉलर सांगत होता. अख्खा नवा आइस मेकर त्याहून स्वस्तात मिळाला.

तो येईपर्यंत चार दिवस संध्याकाळी आम्ही फ्रेश पाँडला फेरी मारायला जायचो. केंब्रिजच्या नळाला या तळ्याचं पाणी येतं. आणि एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यात घोड्यांच्या नांगराने याच तळ्याचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजांवर चढवत. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ बॉस्टनहून कलकत्त्याला पाठवला. सप्टेंबरात पोहोचला तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. पुढे बॉस्टनचा बर्फ मुंबईलाही जायला लागला, फोर्टात त्यासाठी बर्फघर बांधलं होतं. आई गिरगावात वाढली. काठावर उभी राहून ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "इथनं? आमच्या फोर्टात?" एवढंच तिने दोनदा विचारलं.

पाचव्या दिवशी खोकं आलं. "आधी प्लग काढ, मग पाणी बंद कर," बाबांनी बजावलं आणि टॉर्च धरला. खालचा स्क्रू पूर्ण काढला, वरचे दोन नुसते सैल केले, आणि जुना आइस मेकर उचलून सुटा झाला. वायरीचा क्लिपवाला प्लग मात्र गारठ्याने इतका आवळला होता की माझी बोटं बधिर झाली. शेवटी बाबांनी तो तळहातात धरून ऊब दिली, मग सुटला. नवा बसवताना एकच जपायचं: पाण्याच्या नळीचं तोंड बरोबर त्याच्या वाटीवर यायला हवं, नाहीतर पाणी बाहेर सांडून फ्रीझरच्या तळाशी लादी तयार होते.

पहिले दोन घाणे टाकून द्यायचे असतात, नव्या प्लास्टिकचा वास येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने गावाहून आणलेल्या कोकम आगळाचं सरबत केलं. त्यात स्वतःच्या हाताने चार चंद्रकोरी सोडल्या आणि पेला बाबांच्या हातात दिला.

"घ्या," म्हणाली, "फ्रेश पाँडचा आहे."