कुंडीत खुपसलेलं बोट

रोपाला एक दिवसाआड पाणी घालावं, ही सूचना चुकीची नसते. अडचण इतकीच की ती लिहिणाऱ्याने आपली कुंडी पाहिलेली नसते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडून जातं, प्लॅस्टिकच्या नाही. गच्चीवरच्या वाऱ्यात जी माती दिवसभरात सुकते, तीच खोलीच्या कोपऱ्यात चार-चार दिवस ओली राहते. म्हणून जाणता माणूस वार मोजत बसत नाही, मातीत बोट खुपसतो. दुसऱ्या पेरापर्यंत, साधारण पाच सेंटिमीटर. आत गार, चिकट लागलं तर झारी बाजूला. पाणी घातल्यावरचं कुंडीचं वजन हाताच्या ओळखीचं झालं, की नुसती कुंडी उचलूनही अंदाज येतो.

खरी फसगत होते ती माना टाकलेल्या रोपापाशी. तहान लागली असणार, असं धरून आपण पाणी ओततो. पण पाणी जास्त झालं तरी रोप तसंच दिसतं. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळं गुदमरून कुजतात आणि मग भोवती पाणी असूनही त्यांना ते ओढता येत नाही. शिवाय काही रोपं भर उन्हात नुसतीच मलूल होतात नि संध्याकाळी आपोआप सावरतात. त्यांना काहीच नको असतं. तेव्हा आधी माती चाचपावी, संध्याकाळी पुन्हा बघावं. तरीही शंका राहिली तर रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढावं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं आणि वासही मारतं.

अर्थात, काटेकोर पाहूनही चुकता येतं. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्माँट या युरोपीय रसायनशास्त्रज्ञाने 200 पौंड वाळवलेल्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून भोकांचं पत्र्याचं झाकण घातलं आणि 5 वर्षं फक्त पाणी दिलं. झाड 169 पौंडांवर गेलं, माती जेमतेम 2 औंस घटली. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. वजनं चोख होती, पण हवा हिशेबात नव्हती. आणि गंमत म्हणजे कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच माणसाने केला होता. झाडं हवेतून नेमका तोच घेतात!

आपल्या कुंडीपुरतं बोलायचं तर एका वेळी एकच बदल करावा आणि तारखेनिशी टिपून ठेवावा. पाणी कमी केलं, त्याच दिवशी खतही घातलं आणि कुंडीही उन्हात सरकवली, तर आठवड्याने आलेल्या नव्या पालवीचं श्रेय प्रत्येक जण आपापल्या आवडत्या उपायाला देत बसतो.