मणगणें आणि पाच चिठ्ठ्या

न उघडता चिठ्ठीतलं कसं ओळखतो ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी विषय नेवऱ्यांवर, म्हणजे आमच्या गोव्यातल्या करंज्यांवर नेतो. गणेशचवथीला घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "तुला खरंच मनातलं कळतं का रे?"

नाही कळत.

चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. पाच जणांनी आवडता पदार्थ लिहायचा, घड्या ताटात टाकायच्या. मी एक चिठ्ठी कपाळाला लावतो, डोळे मिटतो, म्हणतो, "गोड आहे... नारळाचा रस... मणगणें?" पुतण्या ओरडतो, "माझं!" तो आतला माणूस. काय लिहायचं ते दुपारीच ठरलेलं. मग "बघू बरोबर आलं का" म्हणत मी ती चिठ्ठी उघडतो. लोकांना वाटतं मी मणगणें वाचतोय. असते मात्र काकीची, 'पातोळ्या'. ती खिशात टाकायची, दुसरी कपाळाला लावायची आणि म्हणायचं, "हळदीच्या पानाचा वास येतोय..." असं प्रत्येक वेळी एक चिठ्ठी पुढे. पुतण्याची चिठ्ठी तेवढी शेवटी उचलायची, म्हणून तिचा कोपरा दुमडलेला. पदार्थ धाडकन सांगू नका, पाठ केल्यासारखं वाटतं. वास आधी, नाव मागून.

आकड्यांचं त्याहून सोपं. तीन वेगवेगळ्या अंकांची संख्या घ्या, समजा 742. उलटी करून वजा केली की 495. ती उलटी करून मिळवली की 1089. वजाबाकी 99 आली तर 099 लिहायला लावा. उत्तर नेहमी 1089 च. मग जाडसं पुस्तक हातात देऊन 108 वं पान, नववा शब्द शोधायला सांगायचं. तो शब्द आपण सकाळीच बघून ठेवलेला. गणिताच्या मास्तरांसमोर मात्र करू नका.

कुणी लगेच पणजीतल्या आबे फारियाच्या, म्हणजे संमोहन करणाऱ्या त्या गोंयकार पाद्रीच्या पुतळ्यावर येतं, जुन्या सचिवालयाशेजारच्या. हात पसरलेला तो, समोर आडवी बाई. "तसलं काही येतं?" नाही. पण 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये सांगत होता की शक्ती झोपवणाऱ्याच्या हातात नसते, झोपणाऱ्याच्याच मनात असते. ते मला एका चवथीला आमच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीखाली, पटलं.

त्या वर्षी काकी म्हणाली, "कसल्या रे बावळट घड्या ह्या!" आणि पाचही चिठ्ठ्या उलगडून, न वाचता, कडेला कड जुळवून पुन्हा दुमडल्या. कोपरा गेला. मणगणें झालं, पातोळ्या झाल्या, दुसरी चिठ्ठी उघडली तर आत मणगणें. आता पुढचं सांगायला काहीच नाही. पुतण्या माझ्याकडे बघतोय, मी माटोळीतल्या तोरिंगाकडे. "डोकं जड झालं" म्हणून उठलो. पाचांतल्या दोनच सांगितल्या, त्यातली एक घरचीच.

गेल्या चवथीला काकी शेजारणीला सांगत होती, "पाचही ओळखल्या गे, एकही न उघडता! आणि घड्या मी स्वतः घातलेल्या. लबाडीला जागाच नव्हती."