सरचूतील एकोणीस तास

मनाली-लेह रस्त्यावरची दुसरी रात्र सरचूला काढायची, असे ज्या सहल आयोजकाने आम्हाला लिहून दिले, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या कागदावर पहिली रात्र जिस्पा, दुसरी सरचू, तिसरी लेह अशी तीन सुटसुटीत नावे होती आणि प्रत्येक नावापुढे किलोमीटर लिहिलेले होते. उंची मात्र कोठेही लिहिलेली नव्हती. मीही ती विचारली नाही. दोन मोटरसायकली, मी आणि शाळेपासूनचा माझा मित्र, हाती मोजून नऊ दिवसांची रजा, एवढ्या तयारीवर आम्ही जुलैमध्ये निघालो होतो, आणि जिथे एक दिवस वाचेल तिथे तो वाचवायचा, ही घाई माझीच होती.

मनालीपासून जिस्पापर्यंतचा रस्ता इतका सुरळीत गेला की त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड टाळून थेट लाहौलमध्ये उतरता येते. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाजवळ, तांदीच्या पंपावर टाक्या काठोकाठ भरल्या, पाच-पाच लिटरचे दोन कॅन वेगळे घेतले आणि उजेड असतानाच जिस्पाला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी झिंगझिंगबारचा चढ, सूरजताल आणि ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड पार करून दुपारी चार वाजता सरचूच्या तंबूसमोर मोटरसायकली लावल्या. त्या वेळी दोघेही उत्तम होतो. उंचीचा त्रास पोहोचल्याबरोबर होत नाही, तो सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो, हे मी वाचले होते; पण संध्याकाळी चहा घेताना ते मला आठवले नाही.

मनाली सुमारे २,०५० मीटर, जिस्पा ३,२०० आणि सरचू ४,२९० मीटर, हा हिशेब मी तंबूत बसून, टॉर्चच्या उजेडात, रात्री दहा वाजता मांडला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असे पर्वतीय वैद्यकाचे मार्गदर्शन आहे. आम्ही एका दिवसात १,०९० मीटर वर येऊन झोपत होतो. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली येणे शरीराला बरेच झेपते. तिथेच रात्र काढणे ही निराळी गोष्ट आहे, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातील प्राणवायू आणखी कमी होतो. मित्राचे डोके संध्याकाळी सातपासून दुखत होते. नऊ वाजता त्याने जेवण नाकारले, दहा वाजता पहिली उलटी झाली आणि त्यानंतर तो झोपला नाही.

आयोजकाने नोंदणीच्या वेळी तंबूत ऑक्सिजनची सोय असल्याचे आवर्जून सांगितले होते. सिलिंडर होता. तो मी स्वतः स्वयंपाकघराच्या तंबूमागून उचलून आणला. त्याला रेग्युलेटर नव्हता आणि झडप उघडण्याची चावीही नव्हती. ती दोन्ही कोणी तरी दुसऱ्या तळावर नेली होती, असे तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने मला हात जोडून सांगितले. त्यांचा यात काहीच दोष नव्हता, म्हणून मी त्यांच्यावर चिडलो नाही. पण भरलेला सिलिंडर पायाशी आहे आणि त्यातला प्राणवायू शेजारी तळमळणाऱ्या माणसाला देता येत नाही, ही अवस्था मी विसरू शकत नाही. जो कोणी उंचावरच्या मुक्कामाची नोंदणी करील, त्याने ऑक्सिजन आहे का एवढेच विचारून थांबू नये. पोहोचल्याबरोबर, सामान सोडण्याच्याही आधी, सिलिंडरला रेग्युलेटर आणि मास्क लावून तो सुरू करून दाखवा, असे म्हणावे. हातात मावणारे ऑक्सिजनचे डबे आमच्याकडे दोन होते. ते काही मिनिटांतच संपतात आणि संपल्यावर माणूस पुन्हा जिथल्या तिथे येतो.

माझ्या पेटीत उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या होत्या, पण मित्राला सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी आहे आणि अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नसतात. निघण्यापूर्वी विचारायचे आम्ही ठरवले होते आणि राहून गेले होते. रक्तातला प्राणवायू टक्क्यांत दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर त्याचा आकडा ७२ ते ७६ यांच्यामध्ये फिरत होता, माझा ८४ होता. हा आकडा एकटा फारसे सांगत नाही, कारण थंड बोटांवर तो चुकतो. त्यापेक्षा एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला लावणे ही परीक्षा अधिक विश्वासाची आहे. डोकेदुखी आणि उलटी असतानाही माणूस सरळ चालत असेल तर थांबून वाट पाहता येते. तोल जाऊ लागला तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता असते आणि मग खाली उतरण्याला पर्याय उरत नाही. रात्री दहा वाजता तो सरळ चालला. पहाटे चार वाजताही चालला. मी तंबूची दोरी जमिनीवर अंथरून ती रेषा केली होती.

सकाळी सात वाजता तो दोनदा डावीकडे झुकला.

इथे सरचूचा खरा दोष कळतो. खाली उतरा, असे सगळीकडे लिहिलेले असते. पण सरचू हे दोन उंच खिंडींच्या मधले पठार आहे आणि तिथून कोणत्याही दिशेला उतरण्यापूर्वी चढावेच लागते. लेहच्या बाजूला गाटा लूप्सची २१ वळणे, मग नकी ला (ला म्हणजे खिंड), त्यानंतर ५,०६५ मीटरचा लाचुलुंग ला, ४,६०० मीटरवरचे पांग आणि ५,३२८ मीटरचा टांगलांग ला. सरचूपेक्षा थोडेसे तरी खाली असलेले पहिले गाव रुम्त्से, आणि ते पावणेदोनशे किलोमीटर दूर. मनालीच्या बाजूला एकच चढ, बारालाचाचा, सहाशे मीटरचा, आणि तो संपला की पन्नासेक किलोमीटरच्या आत दारचापर्यंत, म्हणजे ३,३६० मीटरपर्यंत उतार. शेजारच्या तंबूतील काही रायडर पांगकडे निघाले होते आणि आम्हालाही सोबत बोलावत होते. मित्राचेही तेच म्हणणे होते. "अरे, लेह अडीचशे किलोमीटरच राहिले आहे, मी बसतो ना हळूहळू," असे तो तीन-तीनदा म्हणत होता आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य पहिल्यांदा म्हटल्यासारखे म्हणत होता. त्यामुळेच माझा निर्णय पक्का झाला.

पण मनालीकडचा रस्ता बंद होता. किलिंग सरायजवळच्या नाल्याला आदल्या संध्याकाळी पाणी वाढले होते आणि त्यात एक मालट्रक मधोमध रुतला होता. या रस्त्यावरचे नाले बर्फाच्या पाण्याचे असतात. ऊन चढेल तसे वरचे बर्फ वितळते, दुपारनंतर पाणी फुगते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते. म्हणजे ज्या वेळी नाला सहज ओलांडता आला असता, नेमक्या त्या वेळी तो ट्रक वाटेत उभा होता. बीआरओचा, म्हणजे सीमा रस्ते संघटनेचा, डोझर भरतपूरच्या बाजूने येणार आहे, एवढीच बातमी होती. मोबाइलला रेंज नव्हती. मी दर अर्ध्या तासाने रस्त्यावर जाऊन समोरून एखादे वाहन येते का ते पाहत होतो, परत येऊन मित्राला दोन घोट पाणी देत होतो, त्याच्याकडून स्वतःचे पूर्ण नाव आणि घरचा पत्ता म्हणून घेत होतो, आणि मनातल्या मनात त्या तीन नावांच्या कागदाला दोष देत होतो. सात ते अकरा हे चार तास मला आदल्या पूर्ण रात्रीपेक्षा लांब वाटले, कारण रात्री निदान काय करायचे ते ठरलेले नव्हते. आता ठरलेले होते आणि करता येत नव्हते.

लेहकडून मनालीला निघालेल्या एका जीपच्या चालकाने मागची बाजू रिकामी करून मित्राला आडवे केले. मोटरसायकल चालवणे त्याला शक्य नव्हते आणि मागे बसवून नेण्याचा धोका मी घेणार नव्हतो. त्याची मोटरसायकल राखणदारांच्या ताब्यात दिली. किल्ली आणि आरसी बुक आमच्याकडे ठेवले, तिचे चारही बाजूंनी फोटो काढले. साडेनऊच्या सुमारास ट्रक निघाल्याचा निरोप आला, नाल्यात दगड टाकून वाट करायला आणखी तासभर लागला, आणि अकरा वाजता आम्ही सरचू सोडले.

तो नाला मी आयुष्यात ओलांडलेला सर्वांत वाईट नाला होता. असे पाणी ओलांडताना आधी दुसऱ्या वाहनाची चाके कुठून जातात ते पाहावे, पहिल्या गिअरमध्ये राहावे, थ्रॉटल एकसारखा ठेवावा, मध्येच क्लच दाबू नये आणि नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवावी. गुडघ्यापर्यंतच्या त्या पाण्यात माझी मोटरसायकल एकदा दगडावर घसरली आणि सावरली. बूट पाण्याने भरले, ते केलाँगपर्यंत तसेच राहिले. बारालाचाच्या माथ्यावर जीप क्षणभरही थांबली नाही. झिंगझिंगबारच्या खाली मित्राने काचेतून हात हलवला, आणि दारचाला उतरेपर्यंत तो उठून बसला होता. विरळ हवेचा त्रास उतरल्याने किती लवकर कमी होतो हे वाचून कळत नाही. मी ते दोन तासांत डोळ्यांनी पाहिले. केलाँगच्या रुग्णालयात त्याला ऑक्सिजन लावला आणि एक रात्र ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी तो सरळ रेषेत चालला. आणखी दोन रात्री जिस्पाला काढा, काहीही त्रास नसेल तरच पुढे जा, वाटेत उंचावर झोपू नका आणि डोके दुखू लागले तर जवळच्या उताराकडे वळा, असे डॉक्टरांनी बजावले.

त्या दोन रात्री जिस्पाला आम्ही भागेच्या काठी बसून काढल्या. पहिल्या वेळीच सरचू गाळून या दोन रात्री जिस्पाला वाढवल्या असत्या तर एकच दिवस अधिक लागला असता. घाईमुळे आमचे तीन गेले, आणि खारदुंग ला व पँगाँग दोन्ही सोडावे लागले. सरचूचा मुक्काम ज्यांच्या कार्यक्रमात असेल त्यांनी तो काढून जिस्पाला किंवा केलाँगला दोन रात्री ठेवाव्यात, आणि पहाटे चारला निघून सुमारे ३३५ किलोमीटर एका दिवसात पार करून थेट लेहला, ३,५०० मीटरवर, झोपावे. दिवस फार मोठा होतो, अंग मोडून येते, पण नाले पहाटेच मागे पडतात आणि रात्र खाली जाते. ज्यांना एवढे अंतर जमणार नाही त्यांनी श्रीनगर-कारगिलच्या रस्त्याने लेहला यावे आणि उंचीची सवय झाल्यावर मनालीकडे परतावे. त्या बाजूने चढण हळूहळू मिळते.

सांगायच्या राहिलेल्या दोन गोष्टी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. आमच्या दोघांत एकच पोस्टपेड होते आणि ते नेमके मित्राच्या खिशात होते. शिवाय पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे मोटरसायकलही धापा टाकते. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात पेट्रोल तेवढेच आणि हवा कमी अशी स्थिती होऊन ते गुदमरते. इंधन इंजेक्शनचे इंजिन मिश्रण सावरून घेते, पण गेलेली ताकद परत येत नाही. वाहन दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये, एक गिअर खाली घ्यावा.

तिसऱ्या पहाटे मित्र माझ्या मागे बसून सरचूपर्यंत आला. सामान जीपने पुढे पाठवले होते. राखणदारांनी त्याच्या मोटरसायकलवर ताडपत्री घालून ती दोरीने बांधून ठेवली होती. पैसे द्यायला गेलो तर त्यांनी एका रात्रीच्या तंबूचे भाडे तेवढे घेतले आणि रेग्युलेटर आता आला आहे, असे सांगून तो मला मुद्दाम दाखवला. तिथे आम्ही वीस मिनिटेही थांबलो नाही. गाटा लूप्स, लाचुलुंग, पांग, मोरेचे लांबच लांब पठार, सगळे एकामागून एक गेले. टांगलांग लावर मित्राला फोटो हवा होता, तो काढला आणि लगेच निघालो. रुम्त्सेला उतरल्यावर त्याने मोटरसायकल कडेला लावली, हेल्मेट काढून आरशावर अडकवले, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर टाच अंगठ्याला टेकवत वीस पावले चालून दाखवली, आणि मग आम्ही चहा मागवला.