दामूच्या लग्नाला

काल रात्रीपासून डोक्यात एकच चाललंय. चिऊला मी खोटं सांगितलं.

गॅदरिंगला त्यांची देखणी, म्हणजे आपलं नाचत म्हणायचं कोकणी गाणं, बसवलीय, 'हांव सायबा पलतडी वयतां', मी पलीकडच्या काठाला चाललेय, आणि जेवताना ती सहज विचारते, आत्या, ती बाई दामूच्या लग्नाला पाहुणी म्हणून चाललीय ना? घास तसाच हातात धरून मी म्हटलं, हो. दादानं मोबाईलमधून मान वर केली नाही, वहिनी हुमण आणायला उठली. असले प्रश्न नेहमी माझ्याच पुढ्यात येतात, आणि कुणी म्हणून सोबतीला नसतं.

पाहुणी कसली! पुढच्या कडव्यात सरळ आहे की, दामूच्या माटवात कळवंतांचा खेळ, म्हणजे मांडवात कलावंतिणींचा नाच. ती नाचायला चाललीय. टीचरनी ते कडवं गाळलंय, वेळ पुरत नाही म्हणून. मला त्यांचा राग नाही, त्यांनी गाळलं तेच मीही गाळलं.

सकाळी चोडणहून रायबंदरला येताना फेरीबोटीत तेच. गाणं लिहिणारा कार्लुस एउजेनियु फेर्रैरा इथलाच, खोर्लीचा, क्रिस्तांव. १८९५ साली पॅरिसला छापलं गेलं, मग १९२६ला बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यात, आणि १९७३ला 'बॉबी'तून त्याची चाल देशभर गेली. त्याला हे कुठं सुचलं असेल? मला सारखं वाटतं की अशी बाई त्यानं कुठल्यातरी धक्क्यावर उभी असलेली पाहिली असणार, कारण 'म्हाका वाट कळना' हे बसल्या जागी सुचत नाही. लग्नात नाचायला बोलावलं, पण न्यायला कुणी आलं नाही. वाट तिनंच विचारायची, तारयाच्या, नावाड्याच्या, विनवण्या तिनंच करायच्या. आणि सगळे म्हणतात किती गोड ठेका! ठेका गोड आहेच, मीही लहानपणी त्यावर नाचलेय, पण आजी रेडिओवर हे लागलं की उठून बंद करायची. एक शब्द बोलायची नाही. तिच्या आईबद्दल तर... राहू दे.

पलीकडे नेण्यासाठी ती अंगावरचे दागिने देऊ करते, तर तारी म्हणतो 'म्हाका नाका गो', मला नको गं. लोक ते थट्टेत घेतात. मला त्यात त्याचा कनवाळूपणा ऐकू येतो, हिच्या अंगावरचं सोनं घेऊन हिला पार करायला त्याचं मन होत नाही.

आज संध्याकाळी चिऊ पडवीत प्रॅक्टिस करत होती तेव्हा तिला जवळ बसवून सांगून टाकलं, की ती पाहुणी नव्हे, ती कळवंत, नाचायला चाललीय. आवाज थोडा कापला माझा. वाटलं होतं आता पुढचं विचारेल, आपल्या आजीचं. ती जरा वेळ पायातल्या पैंजणांकडे बघत राहिली आणि म्हणाली, मग ही पण तारयाला दिली तर तिथं जाऊन नाचणार कशी?

इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय, मला हे कधी सुचलं नाही.

मग म्हणाली, आजीची खरी नथ देशील? मी ती कुणालाच देत नाही, वहिनीनं लग्नात मागितली तेव्हाही दिली नव्हती. पेटी उघडली. मोती थोडे पिवळे पडलेत, तार सैल झालीय. उद्या म्हापशाच्या सोनाराकडे नेऊन घट्ट करून आणते.