सांगली ते एडिसन: नेमके किती तास?

लेक अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ न्यू जर्सीत एडिसनला असते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "विमानाला किती तास लागतात हो?" मी भूगोल शिकवलेली बाई. एका आकड्यात उत्तर देणं जिवावर येतं, आणि विचारणाऱ्याला सगळं ऐकायला वेळ नसतो. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. पण सरळ म्हणजे कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया करत अटलांटिकवर उतरते. ती पट्टी ठेवा बाजूला आणि पृथ्वीगोल घ्या. नातवाला मी हेच करायला लावलं. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि म्हटलं, आता ओढ घट्ट. दोरा आपोआप वर सरकला: अफगाणिस्तान, मॉस्को, फिनलंड, आइसलँड, मग ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून कॅनडा! जायचंय पश्चिमेला आणि वाट निघते उत्तरेकडून. गोलावरची सगळ्यात जवळची वाट ज्यावरून जाते, बृहद्‌वृत्त ते हेच, जे मुलं नुसतं पाठ करून येतात.

दोऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही, विमानाला लागते. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना. तेव्हा तिकीट कोणत्या कंपनीचं, यावरही वाट ठरते. मुंबईहून समुद्रावरून वळसा घालणं त्यातल्या त्यात सोपं, दिल्लीकरांचे हाल जास्त.

आणि वारा. जाताना पंधरा-सोळा तास, येताना चौदाच्या आसपास. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात त्याला जास्तच जोर चढतो. समजा विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा सरासरी ६०. समोरून आला तर हाती राहतात ८४०, पाठीमागून आला तर ९६०. भागाकार करून बघा, जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. समोरच्या पडद्यावर हा वेग दिसत असतो आणि सिनेमा सोडून मी तोच बघत बसते. शेजारच्या सीटवर ह्यांचा वैताग!

आम्हा सांगलीकरांची खरी गंमत विमानाआधीच. मुंबई विमानतळ पावणेचारशे किलोमीटर, त्याला आठ तास धरायचे. वर तीन तास आधी हजर राहा. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, मग एडिसनची गाडी. घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारापर्यंत तीस तास सहज जातात.

शेजारच्या वहिनींनी मात्र परवा तिकीट बघून वेगळाच हिशेब मांडला. मुंबईहून रात्री दीडला सुटून सकाळी आठला पोच. "साडेसहाच तास? मग एवढं काय सांगत होता!" उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा, हे मी समजावलं. त्यांना पटलंही. मग त्यांनी परतीचं पान उलटलं: सकाळी अकराला सुटून दुसऱ्या दिवशी अकराला मुंबई.

"आणि हे? येताना वारा पाठीमागून असतो म्हणालात ना!"