संगीतकार हवा, तोही बोलण्याखाली वाजवणारा

माहितीपटासाठी संगीतकार शोधताना शोरील, म्हणजे त्याच्या निवडक कामाचे नमुने, मी सगळ्यात शेवटी ऐकते. त्यात प्रत्येकानेच भव्य काहीतरी वाजवलेलं असतं. माझे संगीतकार मला प्रायोगिक नाटकांत भेटतात. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत जो बाजूला बसून लाइव्ह वाजवतो, त्याला नटाच्या वाक्याखाली किती वाजवायचं आणि कधी हात काढून घ्यायचा हे प्रयोग करून करून कळलेलं असतं. माहितीपटाला नेमकं तेच लागतं.

आत्ताची फिल्म ऊसतोड कामगारांवर आहे. संगीतकार मैत्रिणीला मी एडिट लॉक व्हायच्या, म्हणजे संकलन पक्कं व्हायच्या, बरंच आधी बोलावलं. ती म्हणाली, "चित्र नंतर दाखव, आधी नुसता आवाज दे." मग तिने हेडफोन लावून कोयत्याचे घाव, मोळी आपटल्याचा आवाज, पहाटे सुरू होणारे ट्रॅक्टर, सगळं ऐकलं. घावांना लय असते, पण ती दर थोड्या वेळाने तुटते, कारण तोडणारा मोळीसाठी थांबतो. तिने ताल धरलाच नाही. तानपुऱ्याची खर्जाची एकच तार, तीही मोकळ्या जागी.

निर्मात्यांना अर्थातच सारंगी हवी होती. गाव दिसलं की बासरी, दुष्काळ आला की सारंगी, हे कोणी ठरवलंय देव जाणे! शिवाय सारंगीचा स्वर माणसाच्या आवाजाच्या पट्टीत फिरतो. मुलाखतीखाली ठेवली की ती शब्द खाते.

टेम्प ट्रॅक, म्हणजे एडिटच्या वेळी तात्पुरतं लावलेलं संगीत, तेही मी लावू देत नाही. दुसऱ्या कुठल्या सिनेमाचं संगीत महिनाभर ऐकून कान त्यालाच सरावतात आणि मग संगीतकाराकडे आपण नक्कल मागतो.

खरं त्रांगडं झालं ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचं. फडावर स्पीकर कायम चालू. अशा गाण्यात रचनेचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. दोन्हींची परवानगी काढायची तर आमचं संगीताचं बजेट तिथेच संपणार. "तसंच गाणं मी करून देते," मैत्रीण म्हणाली. पण ड्रायव्हर त्या गाण्यावर ओठ हलवताना दिसतो. त्याच्या तोंडी दुसरं गाणं घालायचं? यावर आम्ही चांगले भांडलो. शॉट काढला. अजून हळहळते मी.

करार मात्र मैत्रीत सोडू नका. किती दुरुस्त्या, किती ॲडव्हान्स, सगळं लिहा. 'सगळे हक्क कायमचे आमचे' असं लिहून घेतलं तरी 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा असा काढून घेता येत नाही. त्यासाठी क्यू शीट नीट भरा: कुठला तुकडा, किती सेकंद, कोणाचा.

आणि स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक, वेगवेगळे मागून घ्या. मिक्सिंगला बसल्यावर मुकादमाच्या एका पुटपुटलेल्या वाक्यासाठी आम्हाला फक्त ती तार खाली घ्यावी लागली, बाकीचं होतं तसं राहू दिलं.